पाटी बदलली की धोरणही? 2014 आधी आणि नंतर

केंद्रात पक्ष बदलला म्हणून धोरण खरंच बदललं का, हे ठरवायचंय? मग भाषणं बाजूला ठेवा आणि 2014 च्या आधीचे-नंतरचे कायदे नि आकडे शेजारी-शेजारी मांडा.

आधार घ्या. पहिला क्रमांक 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत दिला, तेव्हा सरकार यूपीएचं. भाजपने विरोधात असताना त्यावर तोंडसुख घेतलं आणि 2016 मध्ये आधारचा कायदाही त्यांनीच केला. जीएसटीची तीच गत. 2011 चं घटनादुरुस्ती विधेयक यूपीएचं, विरोध गुजरातचा. 1 जुलै 2017 ला कर लागू केला तो गुजरातच्याच माजी मुख्यमंत्र्यांच्या सरकारनं!

नियोजन आयोग मात्र खरोखर मोडीत निघाला. 1950 पासून चाललेला आयोग जाऊन 1 जानेवारी 2015 ला नीती आयोग आला. जुना आयोग राज्यांना योजनांचा पैसा वाटून द्यायचा. नव्याच्या हाती त्या किल्ल्याच नाहीत.

घरकुल दोन्हींच्या मधोमध. इंदिरा आवासचं पंतप्रधान आवास झालं यावर हसून घ्या, पण सपाटीवरच्या गावात 70,000 रुपये मिळायचे तिथे 1,20,000 झाले, हेही पाहा. भूसंपादनात बदल करायचा होता, जमला नाही: 2013 चा कायदा सैल करायला अध्यादेश काढले आणि 2015 मध्ये माघार घेतली.

सगळ्यात फसवं प्रकरण रोजगार हमीचं. कायदा 2005 चा, कल्पना आपल्याच रोहयोची. 2015 मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेत तिला काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं, पण चालू ठेवली. 2020 च्या टाळेबंदीत तर 40,000 कोटी रुपये जादा दिले. तेव्हा कुणी ‘सातत्य’ असा शेरा मारला असता तर चुकला नसता. डिसेंबर 2025 मध्ये तिच्या जागी नवा कायदा आला. हमी 100 ऐवजी 125 दिवसांची. पण अकुशल मजुरी पूर्वी पूर्ण केंद्र द्यायचं, आता बहुतेक राज्यांवर खर्चाचा 40 टक्के वाटा. जाहिरातीत 125 दिसतील; मी आधी राज्याच्या अर्थसंकल्पात त्या 40 टक्क्यांची तरतूद शोधेन.