जिनसेंगचं मूळ: न्यूट्रल फ्रॅक्शन धरावं की पेक्टिन?

जिनसेंगच्या मुळातली पॉलिसॅकराइडं, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, वेगळी करायची होती. मूळ उकळून झालं, अल्कोहोलनं साका बसवला, डीईएई कॉलममधून (निगेटिव्ह चार्जचे रेणू धरून ठेवणारा कॉलम) दोन फ्रॅक्शन, म्हणजे भाग, उतरले, साध्या पाण्यानं चार्ज नसलेलं न्यूट्रल आणि मिठाच्या पाण्यानं आम्लधर्मी पेक्टिन, आता ट्यूमरवरचा परिणाम तपासायच्या कामासाठी यातलं कुठलं धरायचं? मी आधी न्यूट्रल धरलं होतं.

कारण माल भरपूर. अर्कात साधारण 80 टक्के ग्लुकन (ग्लुकोजच्या साखळ्या, हेच ते न्यूट्रल) आणि 20 टक्के पेक्टिन मिळतं. स्ट्रक्चरही सोपं, मिथायलेशन (साखरा एकमेकींना कुठे जोडल्यात ते कळायची पद्धत) करून जीसी-एमएसवर (तुकडे वेगळे करून ओळखणारं यंत्र) बघितलं की 1,4 जोडणीचं ग्लुकोज, मधेमधे 6 नंबरच्या कार्बनवर फांदी, झालं काम.

पण एकदा रात्री फ्रीजमध्ये ठेवलेलं सोल्यूशन सकाळी बघतो तर गढूळ, तळाशी पांढरा थर. शंका आली म्हणून आयोडीनचा एक थेंब टाकला आणि टेस्ट ट्यूब निळीशार झाली. म्हणजे इतके आठवडे जे जिवापाड जपून शुद्ध करत होतो ते बहुतेक स्टार्चच! अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) लावून डायलिसिस केलं, म्हणजे बारीक तुकडे काढून टाकले, तर उरलं चिमूटभर. मूळ म्हणजे झाडाचं कोठारच, त्यात स्टार्च असणारच हे कळतं हो, पण त्याच्या जोरावर ट्यूमरबद्दल काही लिहायला माझं मन धजेना.

पेक्टिन त्रास देतं, नाही असं नाही. मिथायलेशनच्या डीएमएसओ द्रावकात धड विरघळत नाही, त्यातली आम्लधर्मी साखर, युरॉनिक ॲसिड, आधी साध्या साखरेत बदलली (रिड्यूस केली) नाही तर मिथायलेशनमध्ये त्याचा पत्ताच लागत नाही, एकूण साखर मोजायच्या फिनॉल-सल्फ्युरिक चाचणीत आकडाही कमी येतो. तरी त्याच्या रॅम्नोज-गॅलॅक्च्युरॉनिक कण्याला गॅलॅक्टोजच्या साखळ्या लटकलेल्या असतात, आणि कॅन्सरच्या पेशी चिकटण्यात-पसरण्यात ज्याचा हात असतो ते गॅलेक्टिन-3 प्रोटीन नेमकं गॅलॅक्टोज पकडतं. रचनेवरून कामाचा काही अंदाज तरी बांधता येतो, मला तेच हवं होतं.

एक सांभाळा. एंडोटॉक्सिनवरही (बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष) निगेटिव्ह चार्ज असतो, ते पेक्टिनसोबतच उतरू शकतं आणि टीएलआर4 या रिसेप्टरमधून मॅक्रोफेजला (रोगप्रतिकारक पेशी) चेतवतं. ग्रीस रिएजंट (चेतलेल्या मॅक्रोफेजचं नायट्रिक ऑक्साइड दाखवणारं) टाकल्यावर प्लेट गुलाबी झाली तरी एंडोटॉक्सिनला निकामी करणाऱ्या पॉलिमिक्सिन बी चा कंट्रोल लावल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि एमटीटीत (जिवंत पेशी मोजायची चाचणी) पेशी मरत नाहीत म्हणून पेक्टिन सोडूनही देऊ नका, अशा पॉलिसॅकराइडचं बरंचसं काम इम्युनिटीमार्फत चालतं, नुसत्या ट्यूमर पेशींच्या प्लेटमध्ये ते कसं दिसणार?

वेळ अगदीच कमी असेल तर न्यूट्रलही चालेल कदाचित, फक्त अमायलेज आधी लावा. मला पुन्हा निवडायचं झालं तर मी पेक्टिनच घेईन, माल थोडा मिळाला तरी.