ब्रेकिंग बॅड: हसवणारा बाप असा भेदरवेल वाटलं नव्हतं

राजेहो, ज्यांनी ब्रेकिंग बॅड अजून बघितली नाही त्यांच्यासाठी लिहून राहिलो, आणि खरं सांगायचं तर सिरीजपेक्षा ब्रायन क्रॅन्स्टनसाठी. नेटफ्लिक्सवर पाचही सीझन आहेत, 62 एपिसोड.

हा माणूस 2000 ते 2006 माल्कम इन द मिडल या सिटकॉममध्ये हॅल होता, उनाड पोरांचा बाप, बायकोला टरकून राहणारा, पांढऱ्या चड्डीवर घरभर फिरणारा. त्यासाठी तीनदा एमीचं, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या मोठ्या अवॉर्डचं, नॉमिनेशन, हाती काही नाही. मग ब्रेकिंग बॅड रचणाऱ्या विन्स गिलिगनने वॉल्टर व्हाइटसाठी, म्हणजे ड्रग्ज बनवायला लागणाऱ्या केमिस्ट्रीच्या सरांच्या मुख्य रोलसाठी, त्याचं नाव काढलं तर एएमसी चॅनलवाल्यांना पटेचना, हा तर तो कॉमेडीवाला. तेव्हा गिलिगनने त्यांना 1998 चा एक्स-फाइल्स या सिरीजचा एपिसोड दाखवला, स्वतःच लिहिलेला, त्यात क्रॅन्स्टनने इतका खडूस माणूस केलाय की राग येतो आणि तरी त्याची कीवही येते. त्यावर काम झालं.

लोक म्हणतात त्याने कॉमेडी सोडली. मला नाही पटत. पहिल्याच एपिसोडमध्ये डॉक्टर त्याला फुप्फुसाचा कॅन्सर सांगून राहिला आणि हा बघतोय डॉक्टरच्या कोटावरचा मस्टर्डचा डाग, ते बघणं, तो थांबा, हे सगळं विनोदी नटाचं टायमिंग आहे, फक्त इथे हसू येत नाही, पोटात गोळा येतो. चड्डीसुद्धा तीच पांढरी, वाळवंटात! आणि चौथ्या सीझनमध्ये घराखालच्या पोकळीत मातीत पडून तो आधी कळवळतो, ओरडतो आणि मग हसत सुटतो, का ते सांगत नाही, पण ते हसणं वर्षानुवर्षं लोकांना हसवलेल्या नटालाच जमू शकतं असं माझं ठाम मत आहे. मी तो सीन झाल्यावर पुढचा एपिसोड लावूच शकलो नाही.

आपल्या नागपूरकरांना तर वॉल्टर लगेच कळेल. शाळा सुटली की संध्याकाळी दुसरं काम धरणारे सर कोणाच्या ओळखीत नाहीत? हा केमिस्ट्री शिकवून कार वॉशवर जातो आणि तिथे त्याचाच विद्यार्थी गाडी घेऊन उभा, सर खाली बसून चाक पुसतायत. ही गोष्ट घडते त्या अल्बुकर्की शहराचं कोरडं ऊन अन् धूळ तर मे महिन्यात धरमपेठेत बसून बघणाऱ्याला समजावूनच सांगायला नको.

मला राहून राहून लक्ष्या आठवला. 1992 चा जब्बार पटेलांचा एक होता विदूषक, काय जीव ओतला होता त्याने! पण त्यानंतरही आपण त्याला हसवायलाच बोलावत राहिलो. त्याला अशी पाच सीझनची जागा कोणी दिली असती तर, हे मनातून जातच नाही. क्रॅन्स्टनला ती मिळाली आणि त्याने याच रोलसाठी चार एमी घेतले, 2008, 2009, 2010 आणि 2014.

कमी म्हणाल तर वेग. मधेमधे रेंगाळते, तिसऱ्या सीझनमधला माशीचा एपिसोड काहींना झोपवेल, मला आवडला. ड्रग्ज आणि रक्तपात भरपूर, आईबाबा अन् लहान पोरांसोबत लावू नका. आणि इंग्रजी ऑडिओच ठेवा, सबटायटल लावून, कारण सीझन सरकतात तसा त्याचा आवाज खाली उतरत, थंड होत जातो, आणि अर्धा अभिनय तर त्यातच आहे. पाचपैकी पाच.