गोंधळाच्या जोड्यांचे पत्ते: घ्या, पण पिवळ्यातला एक पत्ता आधी बघा

अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांसाठी निघालेला हा पत्त्यांचा डबा कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात ३४९ रुपयांना मिळाला. छापील किंमत ३९९ आहे, पण थोडी घासाघीस केली की पन्नास सुटतात. आत ६० पत्ते, हिरवे बायोलॉजीचे आणि पिवळे केमिस्ट्रीचे. पुढच्या बाजूला मुलं हमखास अदलाबदल करतात असे दोन-तीन शब्द, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि मागे त्यांतला फरक. पत्ता जाड आहे, चहा सांडला तरी पुसता येतो. कोपरे मात्र लवकर दुमडतात.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते, आता निवृत्त आहे. भाचा ओंकार गारगोटीहून येऊन राजारामपुरीत माझ्याकडे राहतो, बारावी आणि मेडिकलची ‘नीट’ परीक्षा, दोन्हीची तयारी चाललीय. डबा त्याच्यासाठी घेतला. दुपारी तो क्लासला गेला की मीच पत्ते पिसत बसते.

पत्त्यांच्या मागे दोन तऱ्हेचा मजकूर आहे. काहींवर एकच प्रश्न दिलाय, त्याचं उत्तर दिलं की जोडीतले दोघं आपोआप वेगळे होतात. बाकीच्यांवर दोन व्याख्या शेजारी-शेजारी छापून मोकळे झालेत. व्याख्या पुस्तकात असतातच की. पोराला दोन्ही पाठ असतात आणि पेपरात तरीही उलटसुलट लिहून येतो. पैसे वसूल होतात ते प्रश्नवाल्या पत्त्यांवर.

हिरव्यातला मला सगळ्यात आवडलेला पत्ता खोड आणि मूळ यांचा. चित्रात बटाटा, रताळं, आलं आणि गाजर. सगळं जमिनीखालचं, त्यामुळे मुलं डोळे झाकून ‘मूळ’ लिहितात. मागचा प्रश्न : ‘पेरं आहेत का, आणि पेरावर डोळा आहे का?’ बटाट्याला डोळे आहेत, आल्यावर पेरांच्या कडा स्पष्ट दिसतात, म्हणून दोन्ही खोडं. रताळं आणि गाजर मुळं. ओंकार लगेच म्हणाला, ‘मावशी, मग आमी उसाच्या लावणीला दोन डोळ्यांची टिपरी घालतो ती पण खोडच की!’ पत्त्यावर ऊस नाही. कोल्हापूरच्या पोरासाठी याच्यापेक्षा सोपं उदाहरण कुठलं सापडणार? ‘पेरावर’ हा शब्द पत्त्यात घातलाय हे फार बरं केलं. नुसतं ‘कोंब येतो का’ विचारलं असतं तर रताळ्यानं घात केला असता, कारण त्यालाही कोंब फुटतात. फक्त ते ठरलेल्या पेरावरून येत नाहीत.

ग्लायकोजेन आणि ग्लुकागॉनचा पत्ताही असाच नेटका. प्रश्न : ‘साठा की निरोप?’ ग्लायकोजेन हा यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लुकोजचा साठा. ग्लुकागॉन हे स्वादुपिंडातून निघणारं संप्रेरक. रक्तातली साखर उतरली की यकृताला साठा मोडायचा निरोप देतं. थायमिन नावाच्या दोघांचा पत्ता तितकाच छोटा आणि तितकाच कामाचा : एक डीएनएतला बेस, दुसरं बी-१ जीवनसत्त्व.

सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पत्त्यावर आकडे बरोबर आहेत. माणसाच्या ४६ गुणसूत्रांच्या पेशीपासून पहिल्यात ४६-४६च्या दोन पेशी, दुसऱ्यात २३-२३च्या चार. पण हे कुणाला येत नाही? मुलं अडतात ती पुढं. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत समजात गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात आणि दुसऱ्या फेरीत एकाच गुणसूत्राची दोन अर्धी, म्हणजे क्रोमॅटिडं, वेगळी होतात. संख्या निम्मी होते ती पहिल्याच फेरीत. नीटला प्रश्न इथंच येतो आणि पत्ता इथंच गप्प बसतो.

श्वासोच्छ्वास आणि श्वसनाच्या पत्त्यानं मात्र मला कारखान्याचे दिवस आठवले. हवा आत-बाहेर होणं ते पहिलं. पेशीत साखर मोडून ऊर्जा काढणं ते दुसरं. वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, असं निम्मी मुलं लिहितात. श्वसन चोवीस तास चालू असतं, दिवसा ते झाकलं जातं एवढंच. तोडलेला ऊससुद्धा श्वसन करत राहतो. शिवाय त्यातल्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत जातं. तोडीनंतर गाडी यार्डात अडकून पडली की उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो, तो म्हणूनच.

आता पिवळे पत्ते. समस्थानिक, समभारिक आणि समघटक या तिघांना एकाच पत्त्यावर घेतलंय आणि प्रश्न विचारलाय : ‘सारखं काय आहे?’ प्रोटॉन सारखे असतील तर समस्थानिक, जसे कार्बन-१२ आणि कार्बन-१४. वस्तुमानांक सारखा असेल तर समभारिक, जसे अरगॉन-४० आणि कॅल्शियम-४०. रेणुसूत्र सारखं पण मांडणी वेगळी असेल तर समघटक, जसे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या शेवटच्या दोघांचं माझ्याशी जुनं नातं आहे. दोन्हीत कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. कागदावर फरक कळत नाही, पण पोलॅरिमीटरला लगेच कळतो. ध्रुवीकृत प्रकाशाचं प्रतल ग्लुकोज उजवीकडं वळवतो आणि फ्रुक्टोज डावीकडं, तेही जास्त जोरानं. म्हणून सुक्रोजचं द्रावण सुरुवातीला उजवीकडं दाखवतं आणि पूर्ण फुटलं की काटा डावीकडं जातो. ओंकारला हे सांगितल्यापासून त्यानं समघटकांत चूक केलेली नाही.

शोषण आणि अधिशोषणाच्या पत्त्यावर स्पंज आणि कोळसा काढलाय. चालेल. पण चप्पल लाइनीत चपला घेतल्यावर खोक्यात सिलिका जेलची पुडी निघते, ती जास्त बोलकी ठरली असती. तिचे दाणे ओलावा आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात, स्वतः कोरडेच दिसतात, आणि तापवले की परत कामाला तयार होतात : हे अधिशोषण. कॅल्शियम क्लोराइड उघडं ठेवा, ते पाणी पिऊन पिऊन शेवटी त्याच पाण्यात विरघळून जातं : हे शोषण.

मोलॅरिटी-मोलॅलिटीचा पत्ता वाया घालवलाय. नुसत्या दोन व्याख्या. ‘तापमान वाढलं तर कोण बदलेल?’ एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. मोलॅरिटी लिटरवर चालते. द्रावण तापलं की फुगतं, म्हणून ती कमी होते. मोलॅलिटी द्रावकाच्या किलोवर चालते, आणि किलो काही ऊन लागून फुगत नाही.

सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड यांचा पत्ता ठीक आहे. त्यात हायड्रॉस यायला हवं होतं. गुऱ्हाळघरी गेलेल्या प्रत्येक पोरानं हे नाव ऐकलंय. काहिलीत टाकलं की रस उजळ होतो, कारण ते क्षपण, म्हणजे रिडक्शन, करतं. पुढं हवा लागत राहिली की गुळाचा रंग पुन्हा काळवंडतो. रसायनाचं नाव सोडियम हायड्रोसल्फाइट, आणि मुलं ते थेट फोटोग्राफीच्या हायपोशी, म्हणजे सोडियम थायोसल्फेटशी, गल्लत करतात. ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या पत्त्यालाही हेच उदाहरण चाललं असतं.

आता तो पत्ता. ‘तीव्र’ आणि ‘संहत’ आम्ल. मागे छापलंय की व्हिनेगर सौम्य आहे कारण त्यात पाणी जास्त असतं. हे साफ चूक आहे. पाणी किती, हे संहत आणि विरल ठरवतं. तीव्र की सौम्य हे आम्लाचे रेणू पाण्यात किती प्रमाणात फुटून आयन देतात यावर ठरतं. व्हिनेगरमधलंच आम्ल शुद्ध रूपात, म्हणजे ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, घ्या : त्यात पाणी जवळजवळ नसतंच, हातावर पडलं तर भाजतं, थंडीच्या दिवसांत १६-१७ अंशांच्या खाली बाटलीतल्या बाटलीत गोठतं, तरी ते सौम्य आम्लच. उलट ०.०१ मोलरचं हायड्रोक्लोरिक आम्ल चांगलंच विरल, पण तीव्र. त्याचा पीएच २ येतो. इतर पत्त्यांवर काही राहून गेलंय ते चालवून घेता येतं. हा पत्ता मुलाला चुकीचं शिकवतो, आणि तेही ज्या जोडीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो त्याच जोडीत. डब्यावरच्या नंबरला फोन केला तर ‘पुढच्या छपाईत बघू’ म्हणाले. दोन तारे मी याच्यासाठी कापलेत.

बाकी तीन तारे मनापासून. क्लासच्या जाडजूड नोट्सपेक्षा हे पत्ते बसमध्ये काढून वाचता येतात, आणि दोघं मिळून खेळताही येतात : एकानं प्रश्न वाचायचा, दुसऱ्यानं शब्द सांगायचा. दहावीच्या मुलांना निम्म्याहून जास्त पत्ते अवघड जातील, त्यांच्यासाठी घेऊ नका. घेणार असाल तर दुकानातच सील फोडून मागा, पिवळ्या गठ्ठ्यात व्हिनेगरचं चित्र शोधा आणि मागची ओळ वाचा. जुनीच छपाई निघाली तर पेनानं ती ओळ खोडून ‘आयन किती सुटतात?’ एवढं लिहा आणि मगच डबा मुलाच्या हातात द्या.