घंगाळ साडेसहा किलोचं, बिल वीस किलोचं

तांब्या-पितळेची जुनी भांडी, निजामाच्या काळातली तिकिटं, नाणी असं काही घरात असेल आणि ते ऑनलाइन लिलावात विकायचा विचार असेल, तर बोली किती चढेल याची काळजी नंतर करा. आधी पोस्टेजचा रकाना वाचा. बोलीत मी एक पैशाला बुडालो नाही. जे गेलं ते सगळं त्या रकान्यातून गेलं.

गंगाखेडचं आमचं माळवदाचं घर पाडून स्लॅबचं बांधायला घेतलं, तेव्हा माळ्यावरून भांड्यांचा ढीग निघाला. घंगाळं, हंडे, पानदान, समया, तांब्याचा बंब, पायली-आदलीची मापं. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली. मोडीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, "मास्तर, पितळाला वजनाचा भाव. नाव घातलंय म्हणून काय दोन रुपये जास्त देऊ?" घंगाळाचे तो दोन हजार देत होता. पुण्याला असलेल्या पुतणीचं म्हणणं पडलं की काका, मोडीत घालू नका, असल्या भांड्यांना शहरात हौशी गिऱ्हाईक आहे, लिलावाला लावा. ते खरंच निघालं. घंगाळाची बोली शेवटच्या पाच मिनिटांत चढत चढत 4,350 वर थांबली. घेणारा इंदूरचा. पोस्टेज म्हणून त्याच्याकडून ठरलेले 400 रुपये घेतले. इथवर सगळं छान होतं.

आता हिशेब सांगतो, कारण फसवणूक हिशेबातच आहे.

कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि त्याला बहुतेक ठिकाणी 5,000 नं भागतात. जो आकडा येतो तो किलोमधला 'व्हॉल्युमेट्रिक' म्हणजे आकारमानाचा भार. खरं वजन आणि हा भार यांतला जो मोठा, त्यावर पैसे. गाडीतली जागा अडते म्हणून ही पद्धत, त्यात गैर काही नाही. हे मला माहीत होतं, म्हणून घंगाळ मावेल इतकंच खोकं शोधलं. 40 बाय 40 बाय 20. गुणाकार 32,000, भागिले 5,000, म्हणजे 6.4. अर्ध्या किलोच्या टप्प्यानं साडेसहा किलो. गोणपाट, कागद, खोकं धरून खरं वजन सहा किलोच्या थोडं वर, वाण्याच्या काट्यावर केलेलं. साइटच्याच कुरिअरचा दर किलोला 60 रुपये. म्हणजे 390 आणि वर 18 टक्के जीएसटी, एकूण 460 रुपये 20 पैसे. साइटवरच्या वॉलेटमधून ते आधीच कापून घेतले. गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या 400 पेक्षा साठ जास्त, पण तेवढ्यानं काही बिघडत नव्हतं.

पुढं पानदान आणि समई विकली गेली. त्यांचे पैसे जमा झाले ते कमी. कशामुळे कमी, ते शोधत शोधत वॉलेटच्या आतल्या एका पानावर गेलो, तर तिथं एक ओळ: वजनात तफावत, 955 रुपये 80 पैसे वजा. घंगाळाचं खोकं म्हणे त्यांच्या गोदामात 50 बाय 50 बाय 40 भरलं. भार वीस किलो. आकडे बघा, तिन्ही कसे गोल. सोबत फोटो होता. फोटोतल्या खोक्याला निळी चिकटपट्टी. माझ्या खोक्याला तपकिरी, आणि चारी बाजूंनी मार्करनं मी 'नाजूक' लिहिलेलं. फोटोतल्या खोक्यावर एक अक्षर नाही.

म्हणजे दुसऱ्याच कुणाचं तरी खोकं माझ्या नावावर मोजलं. चूक म्हणा, लबाडी म्हणा. हरकत घ्यायला गेलो तर मुदत सात दिवसांची आणि ती संपलेली. मुदत कधीपासून? त्या आतल्या पानावर ओळ पडली तेव्हापासून. फोन नाही, एसएमएस नाही. 'ऑफर! फ्री शिपिंग ठेवा, बोली वाढवा' असले मेसेज मात्र सकाळ-संध्याकाळ येत होते. पार्सल उचलणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, मला कामून विचारायलाव? मी निस्ता उचलून नेतो." त्याचं बरोबरच होतं.

खरा तडाखा पुढंच होता. इंदूरच्या माणसानं घंगाळ परत केलं. चॅटमध्ये त्यानं सरळ लिहिलं होतं की घरात ठेवायला जागा नाही, बायकोला आवडलं नाही. पण परत करताना साइट कारण निवडायला लावते. 'मत बदललं' निवडलं तर परतीचं भाडं गिऱ्हाइकाला. 'वर्णनाशी जुळत नाही' निवडलं तर विकणाऱ्याला, दोन्ही बाजूंचं. त्यानं काय निवडलं असेल हे सांगायला नको. चॅटचा स्क्रीनशॉट पाठवला, तर उत्तर आलं की निर्णय निवडलेल्या कारणावर होतो, चॅटवर नाही.

परत आलं ते माझंच खोकं. तपकिरी पट्टी, माझं अक्षर. मोजपट्टी लावून फोटो काढले, 40 बाय 40 बाय 20. तरी परतीचं बिल वीस किलोचं: 1,200 आणि जीएसटी 216, मिळून 1,416. विचारलं तर म्हणे एकदा 'पडताळलेलं' वजन सिस्टीममध्ये बसलं की परतीलाही तेच, आणि परतीच्या वजनावर हरकतीची सोयच नाही. गिऱ्हाइकाला 4,350 गेले, पोस्टेजचे 400 गेले. लिलावाचं कमिशन तेवढं त्यांनी परत केलं. मला खर्च 2,832 रुपये, आणि घंगाळाची एक कडी तुटलेली, काठ चेपलेला. मोडीवाल्याला दिलं असतं तर दोन हजार हातात आले असते.

कमिशनवरून एक गोष्ट आठवली. बऱ्याच साइट कमिशन नुसत्या बोलीवर नाही, पोस्टेजवरही घेतात. माझं 4,750 वर लागलं होतं. म्हणजे जे पैसे कुरिअरलाच जाणार, त्यातही यांचा वाटा. याच्या मुळाशी विकणाऱ्यांचीच चलाखी आहे. अमेरिकेत ईबे या लिलावाच्या साइटवर लोक वस्तूची किंमत नाममात्र ठेवायचे आणि शिपिंग भरमसाट लावायचे, म्हणजे कमिशन वाचायचं. मग 2011 मध्ये ईबेनं शिपिंगवरही कमिशन सुरू केलं. आपल्याकडची ईबे 2018 मध्ये बंद झाली, पण ही रीत मागं राहिली. चलाखी केली त्यांनी, भरतोय गंगाखेडचा माणूस.

आणि गंगाखेड म्हणूनच एक वेगळा भुर्दंड. खासगी कुरिअरच्या यादीत आपल्याकडची बरीच गावं 'ओडीए'मध्ये पडतात, म्हणजे नेहमीच्या सेवेच्या बाहेरची. पिनकोड टाकला की दर पार्सलमागं जादा आकार. तो पिनकोड टाकल्यावर लगेच दिसला तर ठीक. काही ठिकाणी तो पार्सल गेल्यावर लागतो. परभणीतल्या ओळखीच्या दुकानातून पार्सल टाकायला लागलो, तेव्हा तो सुटला.

हलक्या मालाला तरी त्रास नसेल, असं वाटत असेल तर तिकिटांचं ऐका. आजोबांच्या जुन्या पाकिटांवर हैदराबाद संस्थानची तिकिटं होती. 1931 च्या मालिकेतलं एक आण्याचं चारमिनारचं बरंच सापडतं. आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्याचं प्रवेशद्वार आहे आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. आपल्याच मुलखातल्या जागा म्हणून मलाही ती द्यायला जड गेलं होतं. अजिंठ्याचं एक लिलावात गेलं. घेणाऱ्यानं लिहिलं, स्पीड पोस्टाचे पैसे कशाला, साध्या टपालानं पाठवा, जबाबदारी माझी. पाठवलं. मग त्यानं तक्रार केली की मिळालंच नाही. साइट म्हणाली ट्रॅकिंग दाखवा. साध्या टपालाला ट्रॅकिंग कुठलं? पैसे त्याला परत. 'जबाबदारी माझी' असं त्यानं लेखी दिलेलं, ते नियमात बसत नाही म्हणे.

आता 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं. ऑक्टोबर 2025 पासूनच्या दरानं 50 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावाबाहेर 47 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साधारण 55 रुपये. साठ रुपयांच्या तिकिटाला पंचावन्न पोस्टेज, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. यावर माझा उपाय एवढाच की एक-एक तिकीट लावायचं बंद केलं. दहा-बारा तिकिटांचा गठ्ठा लावतो आणि ट्रॅकिंगशिवाय काही पाठवत नाही. गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली तरी नाही.

शेजारच्या काकांचं प्रकरण याहून वाईट, आणि तेही पाठवणावळीच्या नावावरच. ते एसटीतून निवृत्त. त्यांच्याकडं चारमिनारचा हाली रुपया, म्हणजे निजामाच्या संस्थानचं नाणं, होतं. त्यांनी फोटो टाकला आणि लगेच एकाचा फोन आला, दोन लाखांत घेतो. बोली नाही, घासाघीस नाही. आमचा माणूस रोकड घेऊन परभणीपर्यंत आलाय, फक्त 'ट्रान्झिट इन्शुरन्स'चे 2,100 रुपये तुम्ही भरा, ते रोकडीबरोबर परत मिळतील. भरले. मग पॅकिंगचं शुल्क, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं एक पत्र व्हॉट्सॲपवर आणि त्याचं 'प्रमाणपत्र शुल्क'. काकूंनी मला हाक मारली तोवर पेन्शनमधले बरेच पैसे गेले होते. काका म्हणत होते, "अरे, बँकेचं पत्र हाय की!"

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलेलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, असलं शुल्क ती मागत नाही आणि तिच्या नावानं मागायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. विकत घेणारा विकणाऱ्याकडंच पैसे मागायला लागला, मग ते विम्याचे असोत की पोस्टेजचे, की तिथंच फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तो गोठवता येण्याची शक्यता असते. काकांनी 'पोरं हसतील' म्हणून बराच वेळ काढला. शेवटी फोन मीच लावून दिला.

माझ्या प्रकरणात 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. साइटनं उत्तर दिलं की तुम्ही ग्राहक नाही, विक्रेते आहात. हा त्यांचा नेहमीचा पवित्रा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूनं घेतलेली सेवा वगळलेली आहे हे खरं, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा त्यातून सुटते. आणि मी तर दुकानदारही नाही, घरची भांडी विकतोय. कुरिअरचे पैसे मी मोजलेत, म्हणजे त्या सेवेपुरता ग्राहक मीच, असं दोन्ही खोक्यांचे फोटो जोडून लिहून पाठवलंय. उत्तर यायचं आहे.

तोवर पार्सल पोस्टानंच. आमच्या पोस्टात काउंटरवर डोळ्यांदेखत तोलतात, पैसे घेतात, पावती देतात. नंतर वाढीव बिल अजून तरी आलेलं नाही. वेळ लागतो, रांग असते, सर्व्हर बंद असला की दुसऱ्या दिवशी या म्हणतात. चालतं. खोकं बंद करायच्या आधी आतला माल, मग काट्यावरचं वजन, मग तिन्ही बाजूंना मोजपट्टी लावून, आणि चिकटपट्टी दिसेल असा एक, असे फोटो काढतो. पट्टीवर सही करतो, अर्धी पट्टीवर अर्धी खोक्यावर. कुरिअरनंच पाठवायची वेळ आली तर वॉलेटचं ते आतलं पान रोज उघडून बघायचं, सात दिवस संपायच्या आत.

लिलावाच्या वर्णनातही आता पहिल्याच ओळीत लिहितो: 'पोस्टेज वेगळं, प्रत्यक्ष पावतीप्रमाणे. साध्या टपालानं पाठवणार नाही. भांड्यावर पोचे आहेत, फोटो झूम करून पाहावेत.' बोली थोडी कमी लागते. 'फ्री शिपिंग' लावलं तर जास्त येईल असं साइट अजून सुचवते. ते फ्री कुणाच्या खिशातून असतं हे आता कळलंय. बंब तर ऑनलाइन टाकलाच नाही, त्याचं खोकं कुणाच्या गोदामात किती किलोचं भरेल सांगता येत नाही. लातूरचा एक हॉटेलवाला सजावटीसाठी मागत होता, त्याला सांगितलं गाडी घेऊन या, इथं तोला, इथं पैसे द्या. तो आला, घेऊन गेला.

पानदान आणि समईचे उरलेले पैसे साइटनं अडकवून ठेवलेत, आणि तेवढं वळतं करूनही वॉलेटमध्ये माझ्या नावावर उणे 471 रुपये 80 पैसे दिसतात. भरा नाहीतर खातं बंद करू, असा मेसेज येतो. करा म्हणावं.