मुंबई–लंडन: अंतर बरोबर, तास चुकीचे

आईला घेऊन जानेवारीत दादाकडे लंडनजवळच्या स्लाउला जायचं ठरलं. आई 74 वर्षांची, इन्सुलिनवर. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "विमानात किती तास?" मी दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणारी एक वेबसाइट उघडली. मुंबई आणि लंडनचा हीथ्रो. उत्तर लगेच आलं: साधारण 7,200 किलोमीटर, साडेआठ तास. त्या हिशोबाने डॉक्टरांनी इंजेक्शन आणि खाण्याच्या वेळा कागदावर लिहून दिल्या.

प्रत्यक्षात दहा तास लागले. आठ तास झाल्यावर आई म्हणाली, "आता उतरायचं ना गं?" आणि तिचे हात थरथरायला लागले. डब्यातली एक दशमी आणि हवाईसुंदरीने आणून दिलेला संत्र्याचा रस, यावर ती सावरली. ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही.

अंतर खरंच अचूक आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर जी सर्वांत जवळची वाट मिळते, तीच ही साइट मोजते. नकाशावर ती रेघ इराण, कॅस्पियन समुद्र, जॉर्जियावरून थेट युक्रेनवर जाते. पण युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे. पाकिस्तानची हद्दही भारतीय कंपन्यांसाठी एप्रिल 2025 मध्ये बंद झाली. विमान वळसा घेऊन जातं, रेघ मात्र सरळच राहते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह नावाचा जोरदार वारा वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर जास्त असतो. जाताना तो समोरून येतो, येताना मागून ढकलतो. समोरच्या पडद्यावर जाताना वेग ताशी 760 किलोमीटर दिसत होता, येताना 1,000 च्या वर. साइटवर मात्र दोन्ही दिशांना तेच साडेआठ तास! 7,200 किलोमीटरला ताशी 850 किलोमीटर या ठरावीक वेगाने भागलं की झालं. हीथ्रोवर उतरण्याआधी आमचं विमान वीस मिनिटं घिरट्या घालत होतं, ते तर कुठेच धरलेलं नाही.

अंतरासाठी पाचपैकी पाच, वेळेसाठी एक. निदान जाण्याची आणि येण्याची वेळ वेगवेगळी दाखवा, एवढंच साइटवाल्यांना कळवलं आहे. घरात आजारी माणूस असेल तर तिकिटावरच्या वेळा घ्या. त्या स्थानिक असतात, म्हणून हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक धरून हिशोब करा.

परतीचं विमान लंडनहून रात्री 9 ला, मुंबईत सकाळी साडेअकराला. म्हणजे नऊ तास. तेवढे सांगून डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वेळा बदलून दिल्या. वहिनीने बांधून दिलेल्या दशम्यांपैकी दोन तशाच डोंबिवलीला परत आल्या.