वायरलेस इंटरनेटचा ‘तयार संच’: फसवणूक नेमकी कुठे होते

नवी वायरलेस इंटरनेट सेवा सुरू करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा एकच कोटेशन पडते. टॉवरवर तीन सेक्टर (एकेका दिशेच्या ग्राहकांना जोडणारे रेडिओ), टॉवरपर्यंत इंटरनेट आणणारी पाठीमागची पॉइंट-टू-पॉइंट लिंक, राउटर, ग्राहकांच्या छतावरचे रेडिओ, केबल, बॅटरी, सगळे त्यातच. त्यावर ठळक अक्षरांत ‘४०० एमबीपीएस, ३० किलोमीटर, एका सेक्टरवर १०० ग्राहक’. यातला एकेक आकडा कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत खरा असतो. तुमच्या टॉवरवर ती परिस्थिती येणार नसते आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. पहिले पंधरा-वीस ग्राहक जोडेपर्यंत काहीच जाणवत नाही. चाळिशी गाठली की संध्याकाळी व्हिडिओ अडकू लागतात, तक्रारींचे फोन सुरू होतात, आणि तोवर माल परत घेण्याची मुदत उलटलेली असते.

४०० एमबीपीएस हा ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर, एकाच वेळी दोन स्ट्रीम (डेटाचे प्रवाह) पाठवणाऱ्या ८०२.११एसी या वायफाय मानकाच्या रेडिओचा हवेतला कमाल दर आहे. रेडिओ एकाच चॅनेलवर आळीपाळीने बोलतो आणि ऐकतो, शिवाय पाठवलेल्या डेटाची पोच मिळवण्यात वेळ जातो. त्यामुळे दोन्ही दिशा मिळून प्रत्यक्ष हाती साधारण निम्मेच येते. तीन सेक्टर आणि मागची लिंक यांना प्रत्येकी ४० मेगाहर्ट्झ स्वच्छ जागा गजबजलेल्या ५ गिगाहर्ट्झमध्ये सहसा मिळत नाही. चॅनेल २० मेगाहर्ट्झवर आणला की कमाल दर १७३ होतो, हाती ८०-९० राहतात. गर्दीच्या वेळी ग्राहकामागे सरासरी ३ एमबीपीएस धरले तरी चाळीस ग्राहकांना १२० लागतात. ‘१०० ग्राहक’ म्हणजे सेक्टरला इतके रेडिओ जोडता येतात, एवढेच. ग्राहकाकडच्या स्वस्त रेडिओचे इथरनेट पोर्टही पाहून घ्या. हवेतला दर ३०० लिहिलेला आणि पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचे, असा माल सर्रास खपवला जातो.

खरी फसगत डेमोत होते. दोन रेडिओ दोन-तीनशे मीटरवर समोरासमोर, चॅनेल ८० मेगाहर्ट्झ, आजूबाजूला शांतता, चाचणी रेडिओच्या आतलीच, यूडीपीवर (पोच न घेता डेटा पाठवण्याची पद्धत) आणि एकाच दिशेने. पडद्यावर मोठा आकडा येतो आणि ॲडव्हान्स दिला जातो. दोन्ही टोकांना लॅपटॉप लावा, आयपर्फ३ हे वेग मोजणारे सॉफ्टवेअर टीसीपीवर (पोच घेत डेटा पाठवण्याची पद्धत) दोन्ही दिशांनी चालवा, चॅनेल २० मेगाहर्ट्झ ठेवा, अंतर तुमच्या खऱ्या ग्राहकाचे घ्या आणि संध्याकाळी सलग अर्धा तास चालू द्या. सेक्टरला पाच-सहा रेडिओ एकाच वेळी जोडा. त्यातला एक मुद्दाम आडोशाला ठेवा, म्हणजे त्याचे मॉड्युलेशन (लहरींवर डेटा चढवण्याची पद्धत) क्यूपीएसके या संथ प्रकारावर घसरेल. असा एक ग्राहक तोच डेटा पाठवायला चांगल्या ग्राहकाच्या सहापट वेळ खातो, आणि हा वेळ सगळ्यांच्या वाट्यातून जातो. हे दाखवायला जो विक्रेता तयार होत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये.

अँटेनाचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची क्षमता, मोजमाप डीबीआयमध्ये) तर घरबसल्या पडताळता येतो, कारण डिशचा आकार खोटे बोलू देत नाही. ५.८ गिगाहर्ट्झला ६० सेंटिमीटरची डिश साधारण २८-२९ डीबीआय देते, ४० सेंटिमीटरची सुमारे २५. ३४ डीबीआय हवे असतील तर व्यास एक मीटरच्या वर जातो. ६० सेंटिमीटरच्या डिशवर ‘३४ डीबीआय’ छापले असेल तर त्या कागदावरचा दुसराही कुठला आकडा धरू नका. अंतराचेही तेच. ५ किलोमीटरच्या लिंकला मधोमध फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणारी जागा) त्रिज्या ८ मीटर असते आणि त्यातला किमान ६० टक्के भाग, म्हणजे पावणेपाच मीटर, मोकळा लागतो. नुसता टॉवर दिसतो म्हणून लिंक चालत नाही.

सेक्टर एका ब्रँडचा आणि ग्राहकाचे रेडिओ दुसऱ्याचे, ‘सगळे वायफायच आहे’ म्हणून गळ्यात मारले जातात. जोडले जातात, हे खरे. पण प्रत्येकाला बोलण्याची पाळी वाटून देणारी पद्धत ज्याची त्याची वेगळी: मायक्रोटिकची एनव्ही२, युबिक्विटीची एअरमॅक्स. मिश्र संचात ती बंद करावी लागते, मग एकमेकांना ऐकू न येणारे ग्राहक एकाच वेळी बोलतात आणि सेक्टर कोलमडतो.

राउटर दाखवताना फास्टट्रॅक (मायक्रोटिक राउटरमधली जवळची वाट) चालू असतो. त्यात पॅकेट सिंपल क्यू (ग्राहकाच्या वेगाला मर्यादा घालणारा नियम) चुकवून जातात, म्हणून प्रोसेसर निवांत दिसतो. तुम्हाला तर प्रत्येक ग्राहकाला त्याच्या प्लॅनचा वेग लावायचा आहे, म्हणजे क्यू हव्यातच. मायक्रोटिकच्या चाचणी तक्त्यात १५१८ बाइटच्या मोठ्या पॅकेटचा रकाना सोडा. ५१२ बाइटचा, २५ क्यू असलेल्या ओळीतला आकडा पाहा.

केबलमध्ये सर्वांत जास्त चोरी होते. वर तांब्याचा पातळ मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, बाहेर मात्र ‘कॅट-६’. तारेवर ब्लेड घासले की पांढरा गाभा दिसतो. पेटीही संशय यावा इतकी हलकी असते. हिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, त्यामुळे २४ व्होल्टच्या पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची पद्धत) लांब केबलच्या टोकाला रेडिओला पुरेसा विद्युतदाब मिळत नाही. कामाचा ताण आला की रेडिओ रीबूट होतो, आणि दोष रेडिओला दिला जातो. टॉवरवर काळ्या पॉलिथिलीन आवरणाची शिल्डेड केबलच हवी, साधे पीव्हीसी उन्हात तडकते. सर्ज प्रोटेक्टर उघडून पाहा. कित्येकांत एका सॉकेटमधून दुसऱ्यात सरळ तारा नेलेल्या असतात, विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारी गॅस डिस्चार्ज ट्यूब नाही आणि अर्थिंगचा स्क्रू कशालाच जोडलेला नाही. बॅटरी वजनकाट्यावर ठेवा: १२ व्होल्ट १०० एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते, वीस किलोची असेल तर स्टिकर खोटा.

वापरलेले रेडिओ नवे म्हणून येतात. खोक्यावरचा, रेडिओवरचा आणि सॉफ्टवेअरमधला मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) जुळवा. पोर्टच्या पितळी-सोनेरी पिनांवर हिरवट थर किंवा माउंटिंगवर क्लॅम्पचे ओरखडे शोधा. वापरलेला मायक्रोटिक राउटर नेटइन्स्टॉलने (सॉफ्टवेअर नव्याने बसवणारे साधन) पुसल्याशिवाय जोडू नका. त्याच्या राउटरओएस या सॉफ्टवेअरमधली, विनबॉक्स या नियंत्रण साधनाची मोठी त्रुटी २०१८ मध्ये ६.४२.१ आवृत्तीत बुजवली गेली. त्याआधीच्या फर्मवेअरच्या राउटरमध्ये परक्याने ठेवलेली स्क्रिप्ट किंवा प्रॉक्सी असू शकते.

ऑर्डरमध्ये ‘पर्यंत’ हा शब्द ठेवू नका. ‘२० मेगाहर्ट्झ, ५ किलोमीटर, दहा ग्राहक जोडलेले असताना टीसीपीवर एकूण ७० एमबीपीएस, न मिळाल्यास ३० दिवसांत परतावा’ असे लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्या. संच आधीच घेतला असेल आणि संशय असेल, तर काहीही बदलण्यापूर्वी सीरिअल नंबरांचे फोटो, तारखेसह आयपर्फचे निकाल, रेडिओची सपोर्ट फाइल (त्याच्या सेटिंग आणि नोंदींची) आणि कापलेल्या केबलचा तुकडा जपून ठेवा. तक्रार लेखी द्या आणि तिची पोच घ्या. फोनवरचे ‘बदलून देतो’ पुढे कुठेच सिद्ध करता येत नाही.