ग्रँड सेको स्नोफ्लेक: आठ महिने मनगटावर

पहिल्या आठवड्यात कुणी वेळ विचारली की मी घड्याळ पाहायचो, आणि तरी वेळ सांगायला पुन्हा पाहावं लागायचं. नजर सेकंदकाट्यावरच अडकायची. तापवून निळा केलेला तो पोलादी काटा टिकटिक न करता पांढऱ्या तबकडीवरून सलग सरकत राहतो. रात्री कानाला लावलं तरी टिकटिक नाही.

ती शांतता कुठून आली हे वाचलं आणि आवड जास्तच वाढली. जपानच्या सेको समूहातल्या सुवा सेकोशा कंपनीने 1960 मध्ये पहिलं ग्रँड सेको काढलं, किंमत 25,000 येन. 1967 च्या 44जीएस या मॉडेलमध्ये डिझायनर तारो तानाकांनी ठरवलेले आरशासारखे सपाट पैलू माझ्या घड्याळाच्या कडांवरही ओळखू येतात. पण 25 डिसेंबर 1969 ला याच घराने ॲस्ट्रॉन हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर कंप पावणाऱ्या स्फटिकाने वेळ मोजणारं, मनगटी घड्याळ विकायला आणलं. ते स्विस कारखान्यांच्या मुळावर आलं, तसंच घरच्या चावीच्या घड्याळांच्याही. सत्तरच्या दशकात ग्रँड सेको बंदच पडलं. 1988 मध्ये परतलं तेही क्वार्ट्झ होऊन.

सेकोचे इंजिनिअर योशिकाझू आकाहाने यांनी मात्र 1977 पासून चावी आणि क्वार्ट्झ या दोन्हींची सोयरीक जुळवायचा ध्यास घेतला. स्प्रिंगच चाकं फिरवते, पण शेवटचं चाक सेकंदाला आठ फेरे घेत चिमूटभर वीज तयार करतं. त्या विजेवर क्वार्ट्झ चालतो आणि त्याच चाकाला चुंबकी ब्रेक लावून नेमक्या वेगात ठेवतो. बॅटरी नाहीच. माझ्या घड्याळातलं हे यंत्र, स्प्रिंग ड्राइव्ह, 1999 मध्ये बाजारात आलं, ते पाहायला आकाहाने नव्हते.

माझा अनुभव म्हणाल, तर महिन्याला सहा-सात सेकंद पुढे. कंपनी पंधरापर्यंत म्हणते. पूर्ण चावी भरली की 72 तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालूच असतं, किती चावी उरली ते तबकडीवरच दिसतं. टायटॅनियममुळे 41 मिलिमीटरचं असूनही ओझं वाटत नाही. ओरखडे मात्र पटकन उठतात. पट्ट्यावरचे तीन माझेच, लिफ्टच्या दाराची कृपा. अंधारात काटे चमकत नाहीत, तेव्हा रात्री फोन. तबकडीवरचा पोत जपानमधल्या शिन्शूच्या कारखान्यातून, जिथे हे घड्याळ बनतं, दिसणाऱ्या होताका डोंगरांवरच्या बर्फावरून घेतलाय. तो ट्यूबलाइटखाली झोपतो, खिडकीच्या तिरप्या उन्हात उठून दिसतो.

किंमत घरी अजून सांगितलेली नाही. काका परवा हात धरून म्हणाले, "सेको ना? माझ्याकडेपण होतं, पंचवीस वर्षं टिकलं." मी मान डोलावली.